सह्याद्रीतील केबिन आणि झाडावरची घरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात आणि घाटमाथ्यावर लहान घरे बांधण्याच्या कामात बरीच वर्षे काढल्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. त्यांतले निम्मे चार दिवस रानाजवळ राहू इच्छिणाऱ्यांचे असतात आणि निम्मे गावाकडच्या जमिनीवर असे काही बांधू पाहणाऱ्यांचे. दोघांनाही येथे एकत्रच उत्तरे दिली आहेत, कारण बांधताना जे चुकते तेच पाहुण्याला मध्यरात्री उशीवर पाणी ठिबकू लागल्यावर कळते.

केबिन कशाला म्हणावे आणि झाडावरचे घर कशाला?

एक किंवा दोन खोल्यांचे, लाकूड, बांबू किंवा तशाच हलक्या साहित्याचे आणि जमिनीला कमीत कमी जागी टेकणारे स्वतंत्र घर म्हणजे केबिन. ज्या घराचा सगळा किंवा काही भार जिवंत झाड पेलते ते झाडावरचे घर. जाहिरातींत मात्र झाडाशेजारी लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या खोलीलाही सर्रास ‘ट्री हाउस’ म्हणतात. त्यात फसवणूकच असते असे नाही. खांबांवरचे घर बऱ्याचदा झाडाच्या हिताचेच असते, हे पुढे येईलच. सिमेंटचे खोड ओतून त्यावर तपकिरी रंगाने साल काढणाऱ्यांविषयी मात्र न लिहिलेले बरे.

ही कल्पना परदेशातून आली का?

हौसेची कल्पना बाहेरची असेल, पण झाडावर राहणे आपल्याला नवीन नाही. जोंधळ्याच्या शेतात चार मेढींवर किंवा बांधावरच्या झाडाच्या बेचक्यात माळा बांधून, हातात गोफण घेऊन पाखरे राखणारी माणसे आजही काही भागांत दिसतात. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्र रात्र मचाणावर काढलेले लोक तर प्रत्येक डोंगरी गावात भेटतील. अंग टाकण्यापुरती फळी, वर पेंढ्याचे किंवा पळसाच्या पानांचे छप्पर आणि चढायला खाचा पाडलेले एक लाकूड, एवढ्यावर ते घर पुरे होत असे.

पर्यटनासाठी झाडावर खोल्या बांधण्याचे जुने आणि प्रसिद्ध उदाहरण केनियातल्या ॲबरडेअर डोंगररांगेतले आहे. तेथे 1932 मध्ये पाणवठ्यावरचे प्राणी पाहण्यासाठी ‘ट्रीटॉप्स’ बांधले गेले. आजच्या हौशी लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र बहुधा उत्तर स्वीडनमधल्या हाराड्स या लहानशा गावातले ‘ट्रीहोटेल’ असते. ते 2010 मध्ये सुरू झाले. पाइनच्या उंच झाडांमध्ये वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांनी एकेक खोली टांगली, आणि त्या खोल्यांची छायाचित्रे जगभर इतकी फिरली की आमच्याकडे येणारा प्रत्येक तिसरा माणूस मोबाइलवर त्यांपैकीच एखादे दाखवतो.

मग तसेच घर सह्याद्रीत का बांधू नये?

हा प्रश्न फार प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो. हाराड्सची सर्वांत गाजलेली खोली म्हणजे थाम आणि विदेगार्ड या वास्तुरचनाकारांनी रचलेला आरशाचा घन. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी चार मीटर, मधून झाडाचे खोड गेलेले आणि चारी बाजूंना आरसे, त्यामुळे खोली रानात विरून जाते. पक्षी त्या आरशांवर आदळू नयेत म्हणून माणसाला न दिसणारा पण पक्ष्यांना दिसणारा अतिनील थर काचेत घातलेला आहे. रचना सुंदर आहे यात वाद नाही. पण ती तिथल्या कोरड्या, थंड हवेची आहे. उत्तर स्वीडनमध्ये वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा महाबळेश्वरात जुलैच्या एखाद्या आठवड्यात कोसळू शकतो. महाबळेश्वरची वर्षाची सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. अशा हवेत आरशावर पंधरा दिवसांत शेवाळाचा हिरवट पापुद्रा धरतो. उन्हाळ्यात बुलबुल आणि दयाळ स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत चोची मारत बसतात. वानरांचे तर विचारूच नका.

घ्यायचाच झाला तर त्या घरांतला विचार घ्यावा. 2022 मध्ये हाराड्सलाच वास्तुरचनाकार ब्यार्के इंगेल्स यांच्या संस्थेने बांधलेल्या खोलीभोवती पक्ष्यांसाठी सुमारे साडेतीनशे घरटी लावलेली आहेत, म्हणजे माणसाच्या एका खोलीने पाखरांच्या शेकडो खोल्या सोबत आणल्या. हा विचार आंबोलीतही चालेल, फक्त घरट्यांचे माप आपल्या पाखरांचे असावे.

घराची रचना चांगली आहे हे कशावरून ओळखावे?

छायाचित्रावरून ओळखू नये, हे पहिले. दुपारी चार वाजता ड्रोनने काढलेल्या चित्रात कोणतेही घर चांगले दिसते. तेथे गेल्यावर खाली बसून पाहावे: खिडकीची उंबरठपट्टी बसलेल्या माणसाच्या छातीशी येते की डोळ्यांच्या वर जाते? अंथरुणावर पडल्या पडल्या फांदी दिसते की एअर कंडिशनरचा डबा? पावसात बाहेर बसता येईल एवढी पडवी आहे का? ओल्या चपला, छत्री आणि टॉवेल ठेवायला जागा आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो ज्याने सोडवला त्याने बाकीचेही बहुधा सोडवलेले असतात.

लहान जागेत माणूस किती ऐसपैस राहू शकतो याचे उत्तम उदाहरण वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्वतःसाठी बांधलेल्या केबिनचे आहे. ती फक्त 3.66 मीटर लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने बारा बाय बाराची खोली आहे. पलंग, मेज, कपाट, हात धुण्याचे भांडे, सगळे त्यात बसवले आहे. त्यांनीच रचलेल्या चंदीगडच्या भव्य कॅपिटॉल संकुलासोबत 2016 मध्ये तीच लाकडी खोली जागतिक वारसा यादीत गेली. बैठक, शयनगृह, ‘पाहुण्यांसाठी एक्स्ट्रा’ आणि जमल्यास होम थिएटर अशी यादी घेऊन येणाऱ्यांना मी आधी खडूने जमिनीवर तो चौकोन काढून दाखवतो आणि त्यात दहा मिनिटे उभे राहायला सांगतो.

कोणत्या झाडावर घर बांधता येते?

आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा या जातींचे निरोगी, पूर्ण वाढलेले, बुंध्याला मजबूत असलेले झाड विचारात घेता येते. वड-पिंपळ भक्कम असतात, पण त्यांच्या पारंब्या आणि मुळ्या घराचा एकेक सांधा शोधून काढतात, शिवाय गावाची श्रद्धा त्यांच्याशी जोडलेली असते; तेथे न शिरणेच उत्तम. पांगारा आणि काटेसावर यांचे लाकूड मऊ असते. गुलमोहर दिसायला देखणा, पण त्याची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ असल्यामुळे पहिल्या वादळात तो आडवा होऊ शकतो. शेवग्याचे नावच काढू नये.

नारळाविषयी विशेष सांगावे लागते, कारण समुद्रकाठच्या वाडीत चार माडांना तुळया बांधून मधे खोली टांगण्याची कल्पना जवळजवळ प्रत्येकाला सुचते. माड हे इतर झाडांसारखे झाड नव्हे. आंब्याच्या सालीखाली वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो, तो जखमेवर हळूहळू नवे लाकूड चढवून ती झाकतो. माडात तो थरच नसतो, त्यामुळे त्याला पाडलेले भोक कायमचे भोक राहते. त्यातच प्रत्येक माड वाऱ्यावर आपापल्या तालात डोलतो. चौघांच्या मध्ये ताठ चौकट अडकवली तर एक तर चौकट मोडते नाही तर माड.

जुन्या आंब्याला लाकडी हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ ठणका आला, बुंध्याशी भुसा पडलेला दिसला किंवा सालीवर भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, भोके दिसली, तर झाड कितीही डेरेदार असो, त्याला तसेच राहू द्यावे. फांद्यांवर बांडगुळे माजली असतील तर तीही झाड थकल्याची खूण समजावी. खोडाच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे शंका असेल तेथे वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या माणसाला दाखवावे आणि त्याने नाही म्हटले तर वाद घालू नये.

झाडाला खिळे ठोकले की ते मरते ना? मग दोराने बांधणे चांगले नाही का?

नेमके उलट आहे, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. सुरुवातीच्या काळात मालवणजवळ एका आंब्यावर साधी माची बांधली. झाडाला भोक पाडायचे नाही या भाबड्या निश्चयाने लोखंडी तारेचे चार वेढे खोडाभोवती दिले, खाली सायकलची ट्यूब घातली आणि स्वतःवर खूश होऊन परतलो. तीन पावसाळ्यांनंतर पाहायला गेलो तेव्हा तार दिसेनाशी झाली होती. साल तिच्यावर चढली होती, वरच्या बाजूला खोड कढईच्या काठासारखे फुगले होते आणि खालची बाजू खंगली होती. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी एकच वाक्य ऐकवले, “काय रे बाबा, झाडाक फास लावलंस?”

पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या भागातून खाली मुळांकडे जाते. खोडाभोवती आवळलेला वेढा ती वाट चहूबाजूंनी बंद करतो, मग मुळे उपाशी राहतात आणि झाड वरून हिरवे दिसत असतानाच खालून मरू लागते. एका ठिकाणी, नीट पाडलेल्या भोकात बसवलेला जाड बोल्ट ही मात्र एकच जखम असते. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी दाखवून दिले की झाड माणसासारखे जखम बरी करत नाही, तर ती जागा आतून भिंती घालून बंद करते आणि तिच्याभोवती नवे लाकूड वाढवते. म्हणूनच वीतभर अंतरावर दहा खिळे ठोकणे वाईट, कारण दहा जखमा एकत्र होऊन मोठा भाग कुजतो. आणि दूर दूर दोन-तीन जाड बोल्ट बरे. झाडावरची घरे बांधणारे अमेरिकेतल्या ऑरेगनमधले मायकेल गार्नियर यांनी याच विचाराने एक खास बोल्ट विकसित केला. त्याच्यावरची मनगटाएवढी जाड लोखंडी कडी खोडात बसते आणि दांडा बाहेर राहतो. झाड त्या कडीला कवेत घेत जाते तसा आधार अधिकच पक्का होतो. आपल्याकडे चांगल्या फॅब्रिकेटरकडून असा बोल्ट घडवून घेता येतो, पण पोलाद आणि पेच यांत काटकसर करू नये.

तुळई झाडाला आवळूनही टाकू नये. एक टोक पक्के आणि दुसरे टोक सरकते ठेवावे, म्हणजे दोन खोडे वाऱ्यात वेगवेगळी हलली तरी घर मधे फाटत नाही.

झाड वाढेल तसे घर वर जाईल का?

नाही. झाडाची उंची शेंड्याकडे वाढते. खोडावर दहा फुटांवर असलेली खूण पन्नास वर्षांनीही दहा फुटांवरच राहते. वाढतो तो घेर.

झाड किती वजन पेलू शकेल?

आधी आपण किती वजन टाकणार आहोत याचा हिशेब करावा, कारण लोक तेथेच फसतात. राहत्या खोलीच्या जमिनीवर माणसे आणि सामान यांचा भार भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 200 किलो धरतात. दहा बाय बाराची खोली साधारण अकरा चौरस मीटरची, म्हणजे निव्वळ माणसे-सामान यांचेच सव्वादोन टन झाले. त्यावर घराचे स्वतःचे वजन, ओले कौल आणि वाऱ्याचा रेटा. वर कोणीतरी हौसेने पाचशे लिटरची टाकी ठेवली तर आणखी अर्धा टन. हा हिशेब स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावा. गावातल्या सुताराचा हात कितीही बसलेला असला तरी त्याच्या अंदाजावर पाहुण्यांचे जीव टांगू नयेत.

म्हणूनच आम्ही बहुतेक वेळा घर खांबांवर उभे करतो आणि झाडाला फक्त मधून जाऊ देतो. यात कमीपणा काहीच नाही. जपानी वास्तुरचनाकार तेरुनोबू फुजिमोरी यांनी नागानो प्रांतातल्या चिनो येथे 2004 मध्ये बांधलेले प्रसिद्ध चहाघर जमिनीत रोवलेल्या चेस्टनटच्या दोन खोडांवर उभे आहे, ती खोडे डोंगरातून आणलेली आहेत, आणि तरीही ते जगातल्या सर्वांत मोहक झाडावरच्या घरांत मोजले जाते. खांब घ्यायचे तर पाये मुळे चुकवून, हाताने खोदून घ्यावेत. झाडाची बहुतेक बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीतच पसरलेली असतात. जेसीबी एकदा बुंध्याजवळून फिरला की माती दाबली जाते, आणि दोन वर्षांनी झाड का वाळले हे कोणालाच कळत नाही.

पावसाळ्यात ही घरे टिकतात का?

जून डोळ्यांसमोर ठेवून बांधली तर टिकतात, डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवून बांधली तर नाही. कोकणातल्या जुन्या कौलारू घराने हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलेला आहे. उतरते पाखे, भिंतीच्या बरेच पुढे आलेली वळचण, जांभ्याचे उंच जोते आणि पश्चिमेची झड अडवायला पावसाच्या तोंडावर पडवीला बांधलेले नारळीचे झाप, यांत शोभेचा भाग काहीच नव्हता. नव्या केबिनलाही छपराचा उतार किमान तीस अंशांचा आणि वळचण तीन ते चार फुटांची हवी. चौकोनी, सपाट छपराची आणि वळचण नसलेली केबिन मासिकात छान दिसते; ती पहिल्याच पावसात भिंतींवरून पाणी पिते आणि दुसऱ्या पावसात तिचे लाकूड कुजू लागते.

मोठ्या खिडक्या पूर्वेला आणि उत्तरेला ठेवाव्यात, नैऋत्येला भिंत जाड आणि भोके लहान. दरवाज्यांच्या फळ्या पावसात फुगणारच, म्हणून कडेला फट सोडूनच बसवाव्यात. नाहीतर जुलैत स्नानगृहात अडकलेल्या पाहुण्याला बाहेर काढायला सुतार बोलवावा लागतो. जमिनीखालून वारा खेळता राहिला तर गाद्यांना बुरशी कमी लागते. पत्र्याचे छप्पर घालायचे असेल तर खाली फळ्यांचा थर हवाच, अन्यथा मुसळधार पावसात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही.

जेथे झाडाचे खोड छपरातून वर जाते ती जागा सर्वांत अवघड. खोडावरून ओघळणारे पाणी थेट खोलीत येते. ते अडवायला डांबर किंवा सिमेंट भरून टाकणाऱ्यांना हात जोडावेत. खोडाभोवती रबराची सैल झालर बसवून तिचे पाणी छपरावर उतरवायचे आणि दर दोन वर्षांनी ती झालर मोकळी करायची, हाच उपाय चालतो.

कोणते साहित्य वापरावे?

जे जवळ मिळते आणि गावातल्या माणसाला दुरुस्त करता येते ते. सिंधुदुर्गातला माणगा बांबू भरीव आणि सरळ असतो, त्यामुळे बांधकामाला फार चांगला. तीन-चार वर्षांचा जून बांबूच तोडावा आणि पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा. कोवळ्या किंवा पावसाळी बांबूत पिष्ट जास्त असते, तो पोखरणारे किडे त्यावर तुटून पडतात आणि सहा महिन्यांत खाली पिवळसर पीठ पडू लागते. तोडल्यावर बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात तो मुरवावा लागतो. एवढे केले आणि त्याला थेट ऊन-पाऊस लागू दिला नाही तर तो वर्षानुवर्षे टिकतो. बांबूच्या तोडीविषयी लोकांच्या मनात अजून भीती असते. वन कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ धरला जात नाही.

कुडाच्या भिंती हा माझा आवडता विषय. सह्याद्रीच्या उतारावर उगवणाऱ्या कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेण-मातीचे लिंपण करतात. अशा भिंती हलक्या असतात, श्वास घेतात आणि उन्हाळ्यात खोली थंड ठेवतात. दरवर्षी पावसानंतर त्या सारवाव्या लागतात, हे मालकाला आधीच सांगावे. ज्याला ते नको असेल त्याने कूड आतल्या बाजूला घेऊन बाहेर फळ्या लावाव्यात.

वादळ आणि वीज यांचे काय?

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतली शेकडो वर्षांच्या मेहनतीची झाडे एका दुपारी आडवी झाली. वादळाचा इशारा असताना झाडावरच्या घरात कोणीही थांबू नये, मग ते घर कितीही पक्के असो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा अधिक कडाडतात. माथ्यावरचे एकटे उंच झाड म्हणून निवडूच नये; दाट झाडीतले, शेजाऱ्यांहून बुटके झाड बरे. ढग गडगडू लागले की खाली उतरून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत बसावे.

लहान मुलांना आणि आजी-आजोबांना नेता येईल का?

कठडा किमान एक मीटर उंच असावा आणि त्याच्या दोन गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, म्हणजे मुलाचे डोके अडकत नाही. शिडीऐवजी जिना आणि दोन्ही हातांना धरायला काठ असेल तर सत्तरीतली माणसेही आरामात चढतात. प्रश्न रात्री शौचालयाला खाली उतरावे लागण्याचा असतो, तो आरक्षण करतानाच विचारून घ्यावा.

सांडपाणी आणि शौचालय यांची सोय कशी करतात?

शौचालय झाडावर नेण्याचा हट्ट सोडल्यास सगळे सोपे होते. ते जमिनीवर, घरापासून थोडे दूर, विहिरीच्या खालच्या उताराला बांधावे. दोन खड्ड्यांची पद्धत कोकणाच्या मातीत चांगली चालते, पण जेथे पावसात भूजल जमिनीखाली फूटभरावर येते तेथे ती चालत नाही आणि बंद टाकी घ्यावी लागते. आंघोळीचे पाणी शोषखड्ड्यात, नाहीतर केळीच्या आळ्यात सोडावे. केळी तक्रार करत नाहीत, मात्र साबण बेताने वापरा.

साप, गोचीड, माकडे?

साप असतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर फुरसे असते, भातखाचराच्या बाजूला घोणस. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये आणि चपला झाडून घालाव्यात, एवढे पाळले तर बहुतेक प्रसंग टळतात. दोडामार्ग-बांदा भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीमुळे पसरतो आणि मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यात दिसतो, म्हणून तेथील रानात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परतल्यावर अंग तपासावे आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. जिवंत वानरांचा त्रास कौलांना होतो. यावर कायमचा उपाय अजून तरी कोणी काढलेला नाही. सुटी कौले शंभर-दोनशे शिल्लक ठेवणे हाच व्यवहार.

परवानग्या कोणत्या लागतात? लाकडाची खोली तर आहे.

“लाकडाची तर आहे” हे वाक्य तहसील कार्यालयात चालत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर 1948 च्या कूळ कायद्याप्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. पाहुण्यांसाठी बांधकाम म्हणजे जमिनीचा बिगरशेती वापर, आणि तो 1966 च्या जमीन महसूल संहितेखाली येतो. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना भिंगाखाली धरून वाचावा. तेथे 1975 च्या कायद्याखालील खासगी वनाची नोंद असेल तर दलालाने कितीही धीर दिला तरी पुढे जाऊ नये. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहेत, तेथील बांधकामाचे नियम वेगळे. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या जागेतलेही झाड परस्पर तोडता येत नाही. समुद्र किंवा खाडीजवळ किनारपट्टी नियमनाचे नियम लागतात. आपली शेती चालू ठेवून चार खोल्या काढणाऱ्या शेतकऱ्याने राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणीचा मार्ग आधी पाहावा.

राहायला कोणत्या महिन्यात जावे?

काय पाहायचे आहे त्यावर ठरते. काजवे पाहायचे असतील तर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला. झाडेच्या झाडे एका लयीत उघडझाप करताना दिसतात. त्या दिवसांत ज्या केबिनमालकाने अंगणात रोषणाईच्या माळा लावल्या असतील त्याच्याकडे जाऊ नये, कारण काजव्याचा नर-मादीचा संवाद प्रकाशानेच चालतो आणि दिव्यांच्या उजेडात तो बुडून जातो. जुलै-ऑगस्ट ज्यांना पाऊसच पाहायचा आहे त्यांच्यासाठी. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी सगळ्यांसाठी. एप्रिलमध्ये कोकणातल्या केबिनला पंखा नसेल तर मालकाला दोष देऊ नये, स्वतःलाच द्यावा.

तेथे मोबाइलला रेंज असते का?

बहुतेक ठिकाणी एका विशिष्ट दगडावर उभे राहिले की असते. मालकाला विचारा, तो दगड दाखवेल.

देखभाल किती आणि केव्हा करावी?

वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. मेमध्ये छपराची कौले, पन्हळी, वळचणीचे वासे आणि बांबूच्या गाठी पाहाव्यात. ऑक्टोबरमध्ये झाड पाहावे: बोल्टभोवतीची साल, वाळलेल्या फांद्या, बुंध्याशी उगवलेल्या अळंब्या. बुंध्यावर छत्रीसारखी कडक अळंबी दिसली तर आत लाकूड कुजते आहे असे समजून घर ताबडतोब रिकामे करावे आणि तपासणी होईपर्यंत कोणाला वर चढू देऊ नये.

शेवटी जमिनीच्या फळ्या आणि खोड यांच्यातली फट बोटांनी मोजावी. बांधताना चार बोटे ठेवलेली असते. ती दोन बोटांवर आली की सुताराला बोलावून फळीचा काठ तासून घ्यावा. तो विचारेल, “यंदा पुन्हा?” हो म्हणावे आणि त्याला चहा द्यावा.